झाकणाखालच्या दोन खुणा

गेल्या महिन्यात मी माझ्या रेडिओच्या मागच्या बाजूचं रबरी टोपण पहिल्यांदा काढलं आणि त्याखालच्या सॉकेटात केबल जोडली. केबलचं दुसरं टोक एका छोट्या डबीत, डबीची तार गच्चीवरच्या अँटेनाला. ही डबी उपग्रहांकडून वेळ घेऊन दहा मेगाहर्ट्झचा अचूक ठोका देते आणि रेडिओ स्वतःचा अंदाज सोडून त्या ठोक्यावर चालतो. मेनूत बाहेरच्या ठोक्याचा पर्याय निवडला आणि हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत चहा घेतला. मुलानं हौसेनं आणून दिली म्हणून जोडली, एवढंच. माझ्या सेटला तिची गरज आहे असं मला वाटत नव्हतं.

परभणीतून मी बरीच वर्षं आमचं सकाळचं नेट चालवतो. नेट म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची रोजची हजेरी. मी एकेकाला हाक मारतो, तो ख्यालीखुशाली सांगतो. माझा सेट सगळ्यांत भारी, त्यामुळे सगळे आपापली डायल माझ्या आवाजाला लावतात.

डबी जोडली त्या सकाळी सगळ्यांचे आवाज जाड, घोगरे आले, दोन सेट एकमेकांशी जुळले नाहीत की येतात तसे. सगळे एकाच बाजूला, सारखेच सरकलेले. मला वाटलं डबीच खराब. खात्रीसाठी परदेशातून येणारी वेळेची टिकटिक लावली. पूर्वी तिच्याबरोबर खालच्या पट्टीत एक घूंघूं यायची. लांबचं स्टेशन, असेल काहीतरी, म्हणून मी ती सोडून द्यायचो. आता ती नव्हती, म्हणजे ती माझ्याच सेटच्या चुकीची होती.

मग आठवलं. सेट नवा असताना एका ओळखीच्याच्या आवाजाशी जुळावा म्हणून मीच मेनूतला ठोक्याचा आकडा सरकवला होता. आणि उस्ताद आठवले.

उस्ताद गंगाखेडला घड्याळं दुरुस्त करायचे. सेट त्यांनी स्वतः बांधलेला. नेटवर त्यांचा आवाज तेवढा वेगळा यायचा.

"उस्ताद, तुमचा सेट घसरायलाय."

"न्हाई साहेब, टिकटिकीला लावून बघितलाय. एकदा तुमचा बी बघा की."

"गावाची घड्याळं दुरुस्त करता, आधी घरचा सेट करा."

सगळे हसले. ते हसणं मला आवडलं, म्हणून पुढं कितीतरी सकाळी मी तेच बोललो. मग एक दिवस त्यांचा आवाज अगदी जुळून आला. "आता कसे लाइनीवर आलात," मी म्हणालो. त्यानंतर महिनाभरात ते यायचे बंद झाले. तब्येत बरी नसते त्यांची, असं मी नेटवर सांगून टाकलं. मी चौकशीसुद्धा केली नव्हती.

डबी जोडली त्याच आठवड्यात रेल्वेनं गंगाखेडला गेलो. दुकान आता मुलगा बघतो, उस्ताद मागच्या खोलीत बसतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी उठून कपाटावरून सेट काढला, धूळ पुसली, झाकण उघडलं. आत ठोका सरकवणाऱ्या एका बारीक स्क्रूभोवती पेन्सिलीनं दोन खुणा केल्या होत्या. एकीपाशी लिहिलं होतं ‘खरं’, दुसरीपाशी ‘नेट’. स्क्रू दुसऱ्या खुणेवर होता.

"मला म्हाईत होतं," ते म्हणाले. "पर तुमी सगळे एकीकडं, मी एकटा एकीकडं. घरवाली गेल्यापासून सकाळी बोलायला तेवढंच होतं. म्हणून फिरवला."

"मग सोडलं कशाला?"

"लय दिवस जमंना. दिवसभर लोकांची घड्याळं बरोबर लावायची, आन सकाळी उठून आपलंच चुकीचं लावून बसायचं."

मी माफी मागितली. त्यांनी पोराला चहा सांगितला. "स्क्रू तुमीच फिरवा," म्हणाले. मी तो ‘खरं’वर आणला.

दुसऱ्या सकाळी नेटवर सांगितलं की चूक माझ्या सेटची होती, उस्तादांचा सेट पहिल्यापासून बरोबर होता आणि तब्येतीचं मी खोटं बोललो होतो. सगळ्यांनी आपापली डायल सरकवावी, असंही म्हणालो. मग एकेकाचा आवाज जुळत आला.

दुपारी उस्तादांचा फोन आला. "ऐकलं," म्हणाले. "इतकं कशाला सांगत बसलात. म्हातारी माणसं हायेत, परत डायल फिरवायला लावली." येणार का, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

आता हजेरीत पहिली हाक त्यांना असते. मी माइकचं बटण सोडतो, त्यांच्या उत्तरासाठी थांबतो, आणि मग पुढच्याला बोलावतो.