सभासदाची चौकट

प्रज्ञाने सभासदाची चौकट पूर्ण केली आणि पुढच्याच महिन्यात तिचे वडील गेले.

नगरच्या तिच्या ऑफिसात दूध संकलन केंद्रांसाठी कॉम्प्युटरचा प्रोग्राम बनतो. नंबर टाकला की सभासदाचं नाव दाखवायचं, एवढंच त्या चौकटीचं काम. जुन्या प्रोग्रामात तिच्या वरिष्ठांनी, योगेशसरांनी, ती प्रत्येक स्क्रीनसाठी वेगळी लिहिली होती. एकीकडची चूक सुधारली तरी दुसरीकडची तशीच राहायची. प्रज्ञाने तो सगळा कोड उचलून एका जागी आणला, स्वतंत्र असा एकच भाग केला. संकलन असो, पावती असो, पशुखाद्य असो, ज्या स्क्रीनला लागेल तिने तोच बसवून घ्यायचा.

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं नुसते चिकटवत बसलो म्हण की!" सर हसून म्हणाले होते.

चौकट तपासताना ती घरचाच नंबर टाकायची. बन्सी लहानू साळवे, असं अण्णांचं, तिच्या वडिलांचं, नाव यायचं.

रजेवरून परतली तेव्हा काम समोर होतं. मयत सभासदाचं नाव दिसू नये, नंबर बंद व्हावा.

"दुसऱ्या कुणाला देऊ का?" सरांनी विचारलं.

"नको. कुठं बदलायचं ते मलाच माहितीय."

पूर्वी एखाद्या स्क्रीनवर नाव चुकून राहून गेलं असतं. आता एका जागी अट घातली आणि अण्णांचं नाव सगळीकडून एकदम गेलं. प्रज्ञा रिकाम्या चौकटीकडे बघत राहिली. रडू येईल असं वाटलं होतं. चहा आला, तो तिने प्यायला.

कप खाली ठेवताना तिच्या लक्षात आलं की नंबर बंद झाला तर आईचं दूध केंद्रावरून परत येईल. म्हैस आई पिळायची, किटली आई न्यायची, पण दूध अण्णांच्या नंबरावर पडायचं. त्यांच्या गावात, कोल्हारात, बहुतेक बायांचं असंच होतं.

तिने आईला फोन लावला.

"आई, नंबर कुणाच्या नावावर करायचा? काका म्हणतात, त्यांच्या करा."

"तुझा काका गोठ्यात तरी येतो का? म्हस लाथ घालंल त्याला."

"मग?"

"माझं लाव की! म्हशीला इचार, कुनाची हाय ती."

गावच्या दूध संस्थेने वारस म्हणून आईची, भागिरथीबाईंची, नोंद केली. प्रज्ञाने चौकटीतली अट बदलली: सभासद मयत असेल तर वारसाचं नाव दाखवायचं, नंबर चालू ठेवायचा. एकाही स्क्रीनला हात लावावा लागला नाही.

नवा प्रोग्राम बसवायला ती स्वतःच कोल्हारला गेली. सकाळी रांगेत आई उभी होती. केंद्रावरच्या अजिनाथने नंबर टाकला आणि स्क्रीनवरचं नाव मोठ्याने वाचलं.

"भागिरथी बन्सी साळवे!"

आई जागची हलली नाही. या नंबरावर तिला कुणी तिच्या नावानं कधी हाक मारली नव्हती.

"मावशे, तुलाच म्हनतोय," अजिनाथ म्हणाला. "का आता आमंत्रन देऊ?"

"आवो, पुढं सरका, दूध नासंल," मागून एक बाई म्हणाली.

"व्हय व्हय, मीच," आई म्हणाली, आणि वजनकाट्यावरच्या भांड्यात किटली रिकामी केली.

पावती निघाली. आईने ती न बघताच कमरेला खोचली आणि रिकामी किटली उचलून घराकडे निघाली. प्रज्ञाने लॅपटॉप मिटला. तिला अजून पुढच्या केंद्रावर जायचं होतं.