मोंजीने बदललेली जागा

मोंजी मिशीला कलप लावायचा आणि लावत नाही अशी शपथ घ्यायचा. आमच्या जर्जीस या समुद्रकाठच्या गावात कुणाचा यावर विश्वास नव्हता, पण त्याच्या इंटरनेटच्या दुकानावर मात्र सगळ्यांचा होता. शेजारच्या चहावाल्याकडे माझी बैठक, त्यामुळे आत कोण गेली आणि लाजत बाहेर कोण आली, हे मला त्याच्याआधी कळायचं.

विश्वासाचं कारण होतं त्याचं कुलूप. त्याने प्रत्येक संगणकात असं काही बसवलं होतं, की यंत्र बंद केलं की दिवसभरात झालेलं सगळं पुसलं जायचं आणि सकाळी ते कोरं करकरीत उघडायचं. पूर्वी पोलीस येऊन यंत्रं चाळायचे, तेव्हाची ही सवय. ते दिवस गेले, कुलूप राहिलं. फ्रान्समधल्या होणाऱ्या नवऱ्यांशी गुलुगुलू बोलणाऱ्या मुली त्याला दुवा द्यायच्या.

मबरूका त्यांच्यातली नव्हे. विधवा बाई, एकुलता एक मुलगा निझार. पोरगा लिबियात जुवाराला जाऊन बसला होता, इटलीच्या होडीची वाट बघत. तो पडद्यावर दिसायचा, ही त्याच्याशी भांडायची, आणि मोंजी कळ दाबून पडद्याचं चित्र उतरवून ठेवायचा.

पहिलं चित्र बघायला ती दुसऱ्या दिवशी आली, तर यंत्र कोरं.

"मेल्या, माझा मुलगा पुसलास?"

"मावशी, कुलपाने पुसला. मी नाही."

"मग तुझं कुलूप घाल चुलीत!"

चहावाल्याकडे आम्ही पोट धरून हसलो. मोंजी मात्र खाली मान घालून कामाला लागला. कुलूप डिस्कच्या एकाच भागाला होतं. दुसरा भाग मोकळा. चित्रं साठण्याची जागा त्याने त्या मोकळ्या भागात हलवली. त्या दिवशी निझार दिसताच कळ दाबली, चित्र उघडून दाखवलं. पोरगं उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा टाकून दात काढत होतं. मबरूकाने पडद्याचा मुका घेतला.

"आता राहील ना रे बाळा?"

"राहील, मावशी. काळजीच सोड."

मग थंडी आली. शेवटच्या बोलण्यात निझार म्हणाला, "आई, आज निघतोय."

"उभा राहा. काय घातलंयस ते बघू दे."

तो उभा राहिला, गोल फिरला. मोंजीने कळ दाबली.

होडी बुडाली. समुद्राने आमच्या किनाऱ्यावर माणसं आणून टाकली. चेहरा एकाचाही उरला नव्हता. इस्पितळातल्या माणसाने मबरूकाला एवढंच विचारलं, "अंगावर काय होतं?"

"चित्र आहे," ती म्हणाली आणि मोंजीकडे धावली.

मोंजीने डिस्कचा मोकळा भाग उघडला. आत एकच चित्र. पंचावालं.

जागा बदलताना त्याने कुलूप उघडलं नव्हतं. चित्रं कुठे साठवायची ही सूचना कुलपाच्याच भागात राहते. त्या संध्याकाळी यंत्र बंद झालं, तशी तीही पुसली गेली. दुसऱ्या दिवसापासून चित्रं पुन्हा जुन्या जागी पडत राहिली आणि पुसली जात राहिली. आधीचं चित्र डोळ्यांनी दिसलं होतं, म्हणून पुढे कुणी उघडून बघितलंच नाही.

मोंजी तिच्याबरोबर इस्पितळात गेला. एकाच्या अंगावर हिरवा स्वेटर होता.

"हाच," मोंजी म्हणाला. "हिरवाच होता, मावशी. मी कळ दाबली तेव्हा बघितला."

"निळा होता."

"मावशी, हिरवा..."

"मी आई आहे का तू? निळा होता माझ्या पोराचा!"

इस्पितळवाला दोघांकडे बघत राहिला, मग त्याने चादर वर ओढली. ओळख पटवायला रक्ताचे नमुने राजधानीला गेले, तिकडून काही आलं नाही. हिरव्या स्वेटरवाल्याला गावाबाहेर निनावी पुरलं.

मोंजीने सगळ्या यंत्रांची कुलपं काढली. मुली यायच्या बंद झाल्या. मिशी पांढरी झाली, तरी त्याला चिडवायची माझी छाती होत नाही. मबरूकाने मेलेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण घातलं नाही. विचारलं तर म्हणते, "कुणाचं घालू? तो हिरवावाला दुसऱ्या कुणाचा तरी आहे." मोंजी मात्र दर शुक्रवारी त्या निनावी मातीपाशी एकटाच फातिहा वाचून येतो, आणि तिला दिसू नये म्हणून लांबच्या रस्त्याने घरी जातो.