बारा लॅपटॉप आणि वहिनीची सही

माझी वहिनी हट्टी आहे, हे मी नणंद म्हणून सांगत नाही. नणंद म्हणून सांगायला बसले तर यादी फार लांबेल. मी सतरा वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसते, म्हणून सांगते. तिला या ऑफिसात मीच चिकटवली. तेव्हा दादा म्हणाला होता, "बघ बाई, नंतर माझ्याकडे तक्रार घेऊन यायचं नाही." मी कधी गेले नाही. तो बिचारा घरी तेच भोगत होता.

आमची कंपनी इमारतींच्या लिफ्ट तपासते. अकरा तपासनीस रोज बाहेर असतात. त्यांच्या रिपोर्टांतल्या चुका मी काढते आणि त्यांचे लॅपटॉप वहिनी सांभाळते. कॉलेजचं तोंडही न पाहिलेली ही बाई इथे पत्रं टाइप करायला आली होती. एकदा दुरुस्तीवाल्याने एक मशीन तीन आठवडे ठेवून घेतलं आणि "बोर्ड गेलाय" म्हणून परत धाडलं. वहिनीने चष्म्याचा बारका स्क्रूड्रायव्हर आणला आणि जेवणाच्या सुट्टीत मागचं झाकण उघडलं. पंख्यात धुळीचा बोळा होता. तो चिमट्याने काढला, मशीन चालू केलं आणि हात धुऊन ती डबा खायला बसली. तेव्हापासून ते काम तिच्याकडे आलं ते आलंच.

जुन्या मालकांनी एक नियम लिहून ठेवलाय. यंत्र घेताना ते सांभाळणाऱ्याची सही पाहिजे. ती नसेल तर मालकाने स्वतः सही करावी आणि पुढचं स्वतःच निस्तरावं. जुने मालक गेले, मुलगा खुर्चीवर बसला. आम्ही त्याला साहेब म्हणतो. त्याने पडदे बदलले, खुर्च्या बदलल्या, पण हा नियम बदलायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

यंदा सगळे लॅपटॉप नवे घ्यायचं ठरलं. दुकानदार नमुना घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये आला. सगळ्यांत वेगवान म्हणतात तो सातवाला प्रोसेसर, चकचकीत स्टिकर. बटण दाबलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पडदा उजळला.

"बघितलंत वहिनी?" साहेब खूश. ऑफिसात तिला सगळेच वहिनी म्हणतात. "विमान आहे, विमान!"

"चार्जर काढा," वहिनी म्हणाली.

"मॅडम, सातवाला आहे हा," दुकानदार म्हणाला.

"ते वाचलं मी. मेमरी आठ जीबी, तीही बोर्डालाच डकवलेली, म्हणजे उद्या वाढवायची सोय नाही. बॅटरी एवढीशी. पडदा उन्हात धरला तर आपलंच तोंड दिसेल. सगळे पैसे डोक्यात घातलेत तुम्ही, हातपाय उपाशी ठेवलेत." आणि तिने सगळ्यांत स्वस्त, तीनवाल्या प्रोसेसरचं पण दणकट बॅटरीचं मशीन सुचवलं.

आता हे बॅटरीचं एवढं काय, ते सांगते. तपासणीत लिफ्ट बंद असते आणि गच्चीवरच्या मशीनरूमची वीजही. तपासनीस तिथेच बसून चाळीसेक फोटो घालून रिपोर्ट करतो, इमारतीच्या माणसाची त्यावर सही घेतो, मगच लिफ्ट सुरू होते. मध्येच बॅटरी संपली तर लॅपटॉप काखेत मारून जिन्याने खाली जायचं, प्लग शोधायचा आणि पुन्हा वर चढायचं. लिफ्ट तपासणारा जन्मभर जिने चढतो, हा आमच्या धंद्यातला जुना विनोद. आबा आमचे सगळ्यांत जुने तपासनीस, निवृत्तीला एकोणीस महिने उरलेत आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेत. त्यांना हल्ली हा विनोद ऐकवत नाही कोणी.

साहेबांना जिने ठाऊक नाहीत. त्यांची केबिन तळमजल्यावर. "शनिवारपर्यंत सही करा," ते म्हणाले, "नाहीतर सोमवारपासून तळघरातली रेकॉर्डरूम सांभाळा."

"बरं," वहिनी म्हणाली आणि दुकानदाराकडून सातवाला आणि तीनवाला असे दोन्ही नमुने दोन दिवसांसाठी मागून घेतले.

गुरुवारी आबांची चौदा मजल्यांची तपासणी होती. वहिनी दोन्ही लॅपटॉप घेऊन त्यांच्याबरोबर गेली. मी रजा टाकून मागे गेले. खोटं कशाला बोलू, मला तमाशा बघायचा होता. आठव्या मजल्यावर माझाच तमाशा झाला, पण ते असो.

वर आबांनी काम सुरू केलं. सातवाला पहिले वीस फोटो झपाझप घेत गेला. मग तापला. पंखा घोंगावायला लागला आणि गडी रेंगाळायला लागला. "नाकापेक्षा मोती जड," वहिनी म्हणाली. "एवढ्या पातळ डब्यात ही उष्णता जाणार कुठे? मग तो स्वतःच आपला वेग कमी करून घेतो." दोन तासांना दहा मिनिटं कमी असताना पडदा काळा झाला. एकतिसावा फोटो होता. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

मग तीनवाला उघडला. बॅटरी भरपूर, हूं की चूं नाही. पण एकेक फोटो घ्यायला तो इतका वेळ लावायचा की आबा मध्ये उठून गच्चीला फेरी मारून यायचे. छत्तिसाव्या फोटोला तो जो अडकला तो सुटेचना. "वहिनी," आबा गुडघा चोळत म्हणाले, "तो मेला तरी. हा मरतही नाही आणि जगूही देत नाही."

वहिनी जिन्याच्या पायरीवर बसली. मी तिला इतक्या वर्षांत तशी बसलेली पाहिली नव्हती. "चुकलं माझं," ती म्हणाली. "त्याने डोक्याचे लाड केले म्हणून मी नावं ठेवली, आणि स्वतः डोकंच उपाशी ठेवलं. रिपोर्टातले फोटो मी कधी मोजलेच नव्हते. ते तू बघतेस ना!"

"म्हणजे आता माझ्यावर?" मी म्हटलं.

"तुझ्यावर नाही गं. पण शेजारी बसून सतरा वर्षांत विचारलं नाही मी."

शुक्रवारी ती केबिनमध्ये गेली. दार उघडंच ठेवलं, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तिने आधी स्वतःची चूक सांगितली. मग म्हणाली, मधला, पाचवाला घ्या, गेल्या वर्षीचा असला तरी चालेल. मेमरी वाढवायला दोन खाचा, सोळा जीबी, मोठी बॅटरी, उन्हात वाचता येणारा पडदा.

"म्हणजे तुमचा अंदाज चुकला, हे तुम्हीच कबूल करताय," साहेब म्हणाले.

"हो. म्हणूनच सही राखून ठेवली होती."

"आणि हे बजेटमध्ये कसं बसवायचं?"

"बसतं. कोटेशनमधली बारावी ओळ काढली की बसतं."

बारावी ओळ साहेबांच्या स्वतःच्या लॅपटॉपची होती. कागदासारखा पातळ, किंमत इतरांच्या तिप्पट. "तुम्हीही आमच्यासारखाच घ्या," वहिनी म्हणाली. "तुम्ही त्यावर काय करता, मेलच वाचता ना?"

मी खुर्चीतच डोकं धरलं. ही बाई खरं बोलते ते ठीक आहे, पण प्रत्येक वेळी सगळंच बोलायला हवं का?

शनिवारी सही झाली नाही. सोमवारी ती डबा आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन तळघरात गेली. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अकरा वाजता साहेबांनी मला बोलावलं.

"आजपासून मशीनं तुमच्याकडे. इथे सही करा."

सातवालाच. अकरा ओळी, आणि खाली ती बारावी जशीच्या तशी. त्यांनी पेन पुढे केलं. मला प्रोसेसरमधलं ओ का ठो कळत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तळघरात अजून एक टेबल मावतं, हे मला दिसत होतं. पण मला त्या एकतीस फोटोंचा भयंकर राग आला. पुन्हा आबा खाली उतरणार, पुन्हा वर चढणार, आणि कागदावर नाव माझं!

"मी नाही करणार," मी म्हटलं. आवाज जरा चिरकला. "नियमात मालकाची सही चालते, पुढचं त्यानेच निस्तरायचं. तुम्हीच करा ना."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. कागद स्वतःकडे फिरवला. कोणी त्यांचा हात धरला नव्हता. एक रेघ ओढायची होती, काम झालं असतं. ते त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग टोपण परत लावलं.

"उद्या बघू," ते म्हणाले.

तो उद्या नऊ दिवसांनी उगवला. बारा खोकी आली, सगळी पाचवाल्याची, एकसारखी. वहिनीला वर बोलावणं धाडलं. ती आली, पण सही करायच्या आधी प्रत्येकाचं झाकण उघडून खाचा, बॅटरी, मेमरी बघायला लागली. साहेब बाराव्या खोक्याशी उभे होते. "माझंही उघडणार?"

"यादीत आहे ना?"

त्यांनी खोकं पुढे सरकवलं आणि उभेच राहिले.

तपासून झाल्यावर वहिनीने सही केली. मग कागद माझ्याकडे ढकलला. "तूही कर. खाली जागा आहे."

"मी? मला यातलं काय कळतं?"

"सही कधी करायची नाही ते कळलं तुला. तेच अवघड होतं. बाकीचं मी शिकवते." आणि तिने तो चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "आबांचं मशीन तू बंद कर. स्क्रू तिरका लावलास तर बघ."

सतरा वर्षांत तिने तो कोणाला हात लावू दिला नव्हता. मी सही केली, आणि पहिला स्क्रू तिरका लावला.