दोन पटांचा डाव

हॉस्पिटलात कुठल्याही फोनवरून शून्य दाबलं की ऑपरेटर म्हणून सुनेचा आवाज यायचा, म्हणून तिथले लोक तिला शून्यताई म्हणत. सासूबाईंना हे नाव मुळीच पसंत नव्हतं. "माणसाला शून्य म्हणतात का कुठे? निदान एक तरी म्हणा," असं त्या आल्यागेल्याला ऐकवत. सून हसायची. तिचं म्हणणं, शून्याशिवाय त्या इमारतीत कोणाचं कोणाशी बोलणंच होत नाही, तेव्हा नाव बरोबर आहे.

सून जन्मापासून आंधळी. वॉर्डांचे, डॉक्टरांचे, अगदी धुलाईघराचे नंबरसुद्धा तिला तोंडपाठ. नंबर एकदा कानात गेला की गेला, परत बाहेर यायची सोय नाही. सासूबाईंची एक मैत्रीण स्वतःचाच नवा नंबर विसरली, तेव्हा तो तिला सुनेने सांगितला. मैत्रिणीने तो सुनेला कधी दिलाच नव्हता, दुसऱ्या कोणाला तरी देताना हिने ऐकला होता. मैत्रीण त्या दिवसापासून या घरात जपून बोलू लागली.

सासूबाई शिंपीण. उभा जन्म शाळेचे गणवेश बेतण्यात आणि शिवण्यात गेला. मुलाने आंधळी मुलगी पसंत केली तेव्हा त्यांनी चार दिवस तोंड फिरवून बघितलं आणि पाचव्या दिवशी सोडून दिलं, कारण ही पोरगी कापड नुसतं चिमटीत धरून सुलट-उलट सांगत होती. कापड कळणाऱ्या माणसावर सासूबाईंना फार वेळ रागावता येत नसे. मुलगा बेकरीत भट्टीवर असायचा, पहाटे जायचा आणि दुपारी येऊन आडवा व्हायचा. त्यामुळे घरात बोलायच्या त्या या दोघीच, आणि भांडायच्याही या दोघीच.

भांडणाचा एक कायमचा विषय म्हणजे बुद्धिबळ. दर रविवारी सून वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये खेळायला जायची. तिचा पट लाकडी होता. प्रत्येक घराला मधोमध भोक, प्रत्येक सोंगटीला खाली खिळी, म्हणजे चाचपताना काही पडू नये. काळी घरं पांढऱ्यांपेक्षा जराशी उंच, आणि काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर टाचणीएवढा टोकदार उंचवटा. आंधळ्या खेळाडूसमोर डोळस माणूस बसला तरी दोघांचे पट वेगळे असतात. समोरचा आपली चाल मोठ्याने सांगतो, मग ती आपणही आपल्या पटावर करायची. एकच डाव, पण दोन पटांवर. सासूबाईंना हे सगळं बिनकामाचं वाटे. "दोन बायकांनी एकच स्वयंपाक दोन चुलींवर करावा तसला प्रकार," असं त्यांचं मत.

मग साथ आली आणि हॉलला कुलूप लागलं. सुनेचा खेळ बंद झाला, काम मात्र दसपट वाढलं. आत कोणालाच सोडत नव्हते, त्यामुळे सगळं गाव हॉस्पिटलला फोन लावून शून्य दाबू लागलं. माझी आई जेवली का, माझ्या नवऱ्याला पांघरूण आहे का, एवढं फक्त विचारून सांगता का. सून विचारून सांगायची. घरी आल्यावर ती जेवताना एक शब्द बोलायची नाही, आणि सासूबाई, ज्यांना गप्प बसणं हा आजार वाटे, त्यासुद्धा गप्प बसायच्या.

पुढे सुनेलाही साथीचा आजार झालाच. जीव वाचला, ताप गेला, खोकला गेला. मागे राहिली ती बोटं. दोन्ही हातांच्या बोटांची टोकं बधिर झाली. डॉक्टर म्हणाले, नसांचं दुखणं आहे, येईल संवेदना परत, कदाचित नाहीही येणार. सुनेने हे घरात कोणालाच सांगितलं नाही. पण शिंपिणीपासून बोटं लपवणार कशी? एकदा सासूबाईंनी तिच्या हातात मऊ सुती आणि खरखरीत तागाचं कापड दिलं, तर ती दोन्ही सारखीच कुरवाळत बसली. सासूबाईंनी दोन्ही तुकडे परत घेतले आणि उठून चहा टाकला.

हॉल पुन्हा उघडणार असल्याचा निरोप आला तेव्हा साथ अजून गेली नव्हती, नुसती दमली होती. खिडक्या सताड उघड्या, टेबलं लांब लांब, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. आणि नियम असा की कोणी कोणाच्या सोंगटीला हात लावायचा नाही. ज्याने त्याने आपापला पट घरून आणायचा, चाल मोठ्याने सांगायची आणि समोरच्याने ती आपल्या पटावर करायची.

सून निरोप ऐकून खो खो हसली. "आई, सगळ्यांना आंधळं केलं हो!"

मग हसू ओसरलं. पट मांडीवर घेऊन ती सोंगट्यांवरून बोटं फिरवू लागली. काळी कुठली, पांढरी कुठली, तिला लवकर कळेना.

"रविवारी बघते," ती म्हणाली. "जमलं तर ठीक, नाहीतर हा पट मी माझ्या अंधशाळेला देऊन टाकणार. कोणातरी मुलीला होईल."

"आणि तू?"

"मी काय? झालं माझं खेळून."

सासूबाई आजवर ज्या खेळाला नावं ठेवत आल्या, तो सुटणार म्हटल्यावर त्यांना खरं तर बरं वाटायला हवं होतं. त्यांना रात्रभर झोप लागली नाही.

रविवारी मुलगा भट्टीवर होता, म्हणून सोबत सासूबाईच गेल्या. पट त्यांनीच काखेत धरला. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि त्या दारातच थबकल्या. त्यांना वाटलं होतं, बुद्धिबळ म्हणजे स्मशानशांतता. इथे तर प्रत्येक टेबलावरून आवाज येत होते. "घोडा एफ तीन." "काय म्हणालात?" "एफ, एफ! फणसातला फ!" इतक्या महिन्यांनी माणसं समोरासमोर बसली होती आणि मास्कच्या वरून एकमेकांचे डोळे न्याहाळत होती. एक म्हातारे गृहस्थ आपली पाळी असूनही खेळायचं सोडून नुसते समोरच्याकडे बघत बसले होते. घड्याळ त्यांचं चालू होतं. ते कोणी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही.

सुनेच्या समोर चष्म्यांचे दुकानदार आले. हे तिचे जुने वैरी. "ताई, आलात! देवाशप्पथ, तुमच्याशी हरायलाही तयार होतो मी घरी बसून बसून."

"मग हरा," सून म्हणाली.

"तोंडाने म्हटलं, हाताने नाही हो."

दुकानदारांच्या सोंगट्या पांढऱ्या, सुनेच्या काळ्या. सासूबाईंची खुर्ची बाजूला, भिंतीपाशी. पंचांनी त्यांना आधीच बजावलं होतं. बघणाऱ्याने ब्र काढायचा नाही, खोकायचंसुद्धा बाहेर जाऊन. सासूबाईंना खेळ कळत नव्हता. त्या सुनेच्या हातांकडे बघत होत्या. हात सोंगट्यांवरून फिरत होते, पण नेहमीसारखे नाही. एकेका डोक्यावर थांबत होते, परत मागे येत होते. पूर्वी ही बाई पटावर हात असा फिरवायची की क्षणात सगळं उमगायचं.

"उंट जी पाच," दुकानदार म्हणाले.

सुनेने आपल्या पटावरचा त्यांचा उंट उचलला आणि भोकात बसवला. डाव पुढे सरकला. हॉलमध्ये दुसरीकडे नुसता गोंधळ चालला होता. डोळस लोकांना दोन पटांची सवय नव्हती. एका टेबलावर एकाच्या पटावर वजीर जिवंत आणि दुसऱ्याच्या पटावर तो कधीच मेलेला, अशी अवस्था आणि दोघेही शपथेवर. पंच एक भांडण मिटवतात तोवर पलीकडून हाक. बिचारे घामाघूम झाले होते.

ते बघून सासूबाईंना सहज वाटलं, आपल्याकडचे दोन पट तरी जुळतात ना? डावी आणि उजवी बाही समोरासमोर ठेवून जुळवण्यात त्यांचा जन्म गेला होता. खेळ कळो न कळो, दोन तुकडे एकमेकांशी जमतात की नाही हे त्यांना एका नजरेत दिसे. त्यांनी एक नजर इकडे टाकली, एक तिकडे.

एक सोंगटी जुळत नव्हती. दुकानदारांचा उंट त्यांच्या स्वतःच्या पटावर एका घरात होता आणि सुनेच्या पटावर शेजारच्या घरात. बोटांना उंच घर आणि खोलगट घर यातला फरक कळला नव्हता, म्हणून खिळी शेजारच्या भोकात गेली होती. दुकानदार स्वतःच्याच पटात बुडालेले, त्यांचं लक्ष नव्हतं. पंच लांब. हे फक्त सासूबाईंना ठाऊक होतं, आणि त्यांना बोलायची मनाई होती.

तेवढ्यात दुकानदारांनी आपला घोडा हलवला, मोठ्याने सांगितला आणि मागे रेलले. सुनेने तो आपल्या पटावर हलवला. मग तिचा हात त्या उंटापाशी आला आणि तिथेच थांबला.

तिचा चेहरा बघून सासूबाईंना कळलं की हिला काहीतरी खटकलंय. सुनेच्या मनात काय चाललं होतं ते तिने नंतर सांगितलं. आतापर्यंत तो उंट मारला असता तर मागचा घोडा तिथे उतरून तिच्या राजावर हल्ला चढवणार होता. आता घोडा हलला होता आणि त्या उंटाला कोणाचा आधार नव्हता. तो जी पाचवर असेल तर तिचं एच सहावरचं प्यादं त्याला तिरकं मारू शकत होतं, फुकटात. पण बोटं म्हणत होती, उंट तिथे नाहीच, तो प्याद्याच्या थेट समोर उभा आहे, आणि समोरच्याला प्यादं मारत नाही. कान म्हणत होते, जी पाच. आयुष्यभर तिने एकच शिस्त पाळली होती. डोक्यात काहीही असो, शेवटचा शब्द बोटाचा. आणि जी पाचवर काहीच नसताना प्यादं मारलं असं तिने म्हटलं असतं, तर भर हॉलमध्ये, इतक्या महिन्यांनी, पहिल्याच डावात तिचं हसं झालं असतं.

घड्याळ चालू होतं. सुनेने पुन्हा चाचपलं. बोटं तेच म्हणाली. सासूबाईंनी पदर मास्कवर दाबून धरला. त्यांचे ओठ आतल्या आत हलत होते. नुसता एक शब्द, एक खाकरणं, आणि पोरगी सावध झाली असती. जन्मात त्यांनी इतकं कठीण काम केलं नव्हतं.

आणि मग सुनेने पटावरून दोन्ही हात उचलले. मांडीवर ठेवले. मान जराशी वाकडी केली, हेडफोन लावून कोणाचं तरी ऐकताना करायची तशी. सासूबाई बघत राहिल्या. त्या पोरीच्या समोर पट होता आणि ती पटाकडे पाठ फिरवून आत कुठेतरी निघाली होती. तिथे सुरुवातीपासूनच्या सगळ्या चाली, दुकानदारांच्या घोगऱ्या आवाजात, एकामागून एक उभ्या होत्या, हे सासूबाईंना खेळ न कळताही जाणवलं. आपल्या घरात, आपल्या चहाच्या कपाशेजारी, एवढं मोठं काहीतरी रोज वावरत होतं, आणि आपण त्याला बिनकामाचं म्हणत होतो.

"प्यादं मारतंय," सून म्हणाली. आवाज स्वच्छ, हॉस्पिटलातला. "जी पाचवर."

दुकानदार पुढे झुकले. आपल्या पटाकडे बघितलं. मग कपाळावर हात मारला. "अरे देवा! उंट उघडाच राहिला!"

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. सुनेने हात पुढे करून आपल्या पटावरचा तो उंट चुकीच्या घरातून उपटला आणि बाजूला ठेवला. तेव्हा कुठे दुकानदारांचं लक्ष गेलं. ते तिच्या पटाकडे बघत राहिले.

"ताई," ते हळूच म्हणाले, "तुमच्या पटावर तो भलतीकडेच होता की. मग मारलात कसा?"

"तुम्ही जी पाच म्हणाला होतात ना."

"ते कधीचं म्हणालो होतो मी!"

"मग? म्हणालात ते म्हणालात."

त्यानंतर तिने पटाला हात लावला नाही. दुकानदार चाल सांगत, ती चाल सांगे आणि घड्याळ दाबे. शेजारच्या टेबलांवरची भांडणं एकेक करून थांबली. लोक अंतर राखून उभे राहिले आणि तोंडात बोट घालायची सोय मास्कमुळे नव्हती म्हणून नुसते बघत राहिले. पंचसुद्धा येऊन उभे राहिले, कोणाला दूर हो म्हणायचंही विसरले. तिच्यासमोरचा पट केव्हाच मागे पडला होता, त्यावर जुनाच डाव मांडलेला होता. खरा डाव कुठे चालला होता तो कोणालाच दिसत नव्हता. दुकानदारांनी आपला राजा आडवा केला तेव्हा टाळी वाजवायलाही कोणाला जरा वेळ लागला.

रस्त्यावर आल्यावर सासूबाईंनी सुनेचा हात धरला. तिच्या बोटाच्या टोकावर नख टोचलं. जरा जोरातच.

"लागलं?"

"नाही." मग ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"मी शिंपीण आहे."

कोपऱ्यावर सून थांबली.

"आई, मला वाटलं होतं, बोटं गेली की पटावर अंधार होईल. मला अंधार म्हणजे काय ते माहीत नाही, पण मला भीती वाटायची. फार भीती वाटायची. तो झालाच नाही हो. अजून सगळं लख्ख दिसतंय."

सासूबाईंनी काखेतला पट दुसऱ्या काखेत घेतला आणि मोकळ्या हाताने सुनेचा मास्क नीट केला, तिच्या डोळ्यांतलं पाणी तिथवर आलं होतं.

"शाळेला देऊन टाकू या हा पट," त्या म्हणाल्या. "तुला काय करायचाय आता?"