कार्डिफला चालत खेळायला गेले

लीड्सहून कार्डिफला निघालेल्या बसमध्ये आम्ही अकरा बायका होतो. सगळ्या साठीपुढच्या. बसभर दुखण्यावरच्या मलमाचा वास सुटला होता. त्यात सगळ्यांत हट्टी मी, कारण क्रॉयडनला राहणाऱ्या मुलाशी, निखिलशी, मी पैज लावून बसले होते.

"आई, नवा गुडघा बसवलाय तुला. एकटी राहणं सेफ नाही. माझ्याकडे ये. लिफ्ट आहे, ट्राम दारात आहे."

"वेल्सविरुद्धची मॅच शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळून दाखवते. नाही जमलं तर येते कायमची."

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या शेजाऱ्यांची जुनी फुटबॉल स्पर्धा शंभर वर्षं चालून ऐंशीच्या दशकात बंद पडली. तिच्या आठवणीखातर कार्डिफच्या हौशी मंडळींनी आमच्यासारख्यांचे सामने भरवले होते. खेळ वॉकिंग फुटबॉल (चालत खेळायचा फुटबॉल). पळालं की फाऊल, एका मॅचमध्ये तीनदा पळालं की बाहेर. आमचा क्लब चक्क इंग्लंड म्हणून उतरणार होता. तो शर्ट अंगात घालताना माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू?

वाटेत मेंढ्यांनी भरलेल्या टेकड्या लागल्या, पाट्या दोन भाषांत दिसू लागल्या. मैदानाच्या फाटकावर 'क्रोइसो' (या, स्वागत आहे) असं लिहिलं होतं. चहाच्या टेबलाशी ग्वेन नावाच्या आजींनी वेल्श केक (तव्यावर भाजलेली, मनुका घातलेली जाड बिस्किटं) पुढे केले.

"वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलीय मी ती स्पर्धा," त्या म्हणाल्या. "इंग्लंडला हरवलं की आमच्या गल्लीत दुसऱ्या दिवशी कुणी कामाला जात नसे."

"उद्या सगळे वेळेवर जातील कामाला," मी म्हटलं. त्या खळखळून हसल्या आणि आणखी एक केक दिला.

स्कॉटलंड, उत्तर आयर्लंडला आम्ही हरवलं. वेल्सनेही त्या दोघांना हरवलं होतं. राहिली आमची आणि त्यांची मॅच. मध्यंतराआधीच दोनदा माझ्या नावाने शिट्टी वाजली. गुडघा सुजू लागला. गोलकीपर मॉरीन आमची कॅप्टन.

"सुधा, बस आता बाहेर."

"मुळीच नाही," मी म्हटलं.

एक-एक अशी बरोबरी. शेवटचं मिनिट. मॉरीन पुढे आली आणि चुकली. बॉल रिकाम्या गोलकडे निघाला. मी चालत राहिले असते तर गोल झाला असता, पण पळाले तर तिसरी शिट्टी, मी बाहेर आणि पैज गेली.

मी पळाले. चांगली दहा पावलं. बॉल रेषेवर थोपवला आणि शिट्टी वाजली. वेल्सला पेनल्टी, मी बाहेर. रेषेपलीकडे उभी राहून मी रडले. लीड्सचं घर, जिना, मागची बाग, सगळं गेलं असं वाटलं. मॉरीनने पेनल्टी पायाने अडवली. कप दोघांत वाटला गेला.

"जुन्या स्पर्धेतही वाटून घ्यायचे," ग्वेन म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये पाय ठणकत होता. हरण्याचं दुःख होतंच, पण पुन्हा तसा बॉल आला तर मी पुन्हा तेच करेन, एवढं नक्की. मी निखिलला फोन लावला.

"हरले रे. शेवटच्या मिनिटाला बाहेर काढलं."

"गुडघा?"

"नाही. पळाले म्हणून."

"पळालीस? यू रॅन? पडली नाहीस?"

"नाही."



"राहा लीड्सलाच," निखिल म्हणाला. "पुढच्या मॅचला मी येतो."