पोराला ड्यूटी हाय

दासगावच्या बंदरातून पडाव हलला तेव्हा आई चिखलात उतरून उभी होती. वडील नुकतेच गेलेले, घरात ती एकटीच. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून माझं बोचकं डोक्यावर घेऊन ती चालत आली होती. "शिमग्याला ये रे बाबा," एवढंच म्हणाली. "पालखी दारात यायची नि खांदा देयाला घरचा कोन नाय, असं नको." आमच्याकडे देवीची पालखी अंगणात आली की त्या घरच्या पुरुषानं ती खांद्यावर घेऊन नाचवायची.

मुंबईत गोदीच्या फाटकावर पहाऱ्याला लागलो आणि ड्यूटी हा शब्द गळ्यात पडला. ड्यूटी लागते, बदलते, सुटते; चुकवली तर नोकरीच जाते. राहायच्या गाळ्यात सगळे वाडीचेच, पण मी परतलो की बाकीचे ड्यूटीवर. माझ्यासारखे सावित्री नदीचं पाणी सोडून गेलेले असाल तर तुम्हांला ठाऊक आहे, भिंतीशी बोलावं तरी किती! रजा मागितली की जमादार खेकसायचा, "साऱ्या कोकणाला शिमग्यालाच घर कसं आठवतं?"

मी गावी निरोप धाडला, ड्यूटी आहे. आईनं तो शब्द जसाच्या तसा उचलला. कुणी विचारलं की सांगायची, "पोराला ड्यूटी हाय गो." गावाहून येणारे हसत म्हणायचे, अरे, तुला देवीचा रोग झाल्यासारखं तोंड करून सांगते म्हातारी! मला मेलं हसू येत नसे. शिमग्याला फाटकावर उभा असलो की जीव नुसता तुटायचा.

बऱ्याच वर्षांनी एकदाची रजा मिळाली. न कळवताच गेलो. वाडीत शिरलो तर पालखी आमच्याच अंगणात आलेली. बोचकं टाकून धावलो, खांदा पुढे केला, तोच आईनं दंड धरला.

"दमून आलायस. वट्यावर बस."

"अगो, मी आलोय ना आता!"

"आलास, लय बरं केलंस. पर धोंडू दरसाल खांदा देतो. घरबी तोच शाकारतो. ही त्याची ड्यूटी हाय."

ती रागावून बोलली असती तर बरं वाटलं असतं. शेजारचा धोंडू माझ्याकडे बघून ओशाळला, पण पालखी त्यानंच उचलली. आईनं मला गूळपाणी आणून दिलं, पाहुण्याला देतात तसं. ओट्यावर बसून मी आमच्या अंगणात नाचणारी पालखी बघितली.

घर कुठलं, असं मुंबईत कुणी विचारलं की मी अजून पोलादपूरच सांगतो. तिथं माझी वाट बघतात. माझ्यावाचून अडत मात्र नाही.