न्यूझीलंडमधलं घर आणि मामाची सही

सेवेत असताना हाताळलेले मोठमोठे गुन्हे आता कलमांसकट विसरत चाललो आहे. एक साधे प्रकरण मात्र मनातून जात नाही. त्यात शेवटी गुन्हासुद्धा दाखल झाला नाही.

तेव्हा मी नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. खोटा मालक उभा करून जमीन विकण्याचे प्रकार फार वाढले होते. त्यामुळे कोर्टाच्या आसपास बसणाऱ्या नोटरींना आम्ही सांगून ठेवले होते, शंका आली की आधी आम्हाला फोन करा. तसाच एकाचा फोन आला.

"साहेब, एक म्हातारं जोडपं आलंय. न्यूझीलंडमधल्या घराचं मुखत्यारपत्र करायचंय. पण बाई नवऱ्याला 'दादा' म्हणतायत."

"मग?"

"बायको नवऱ्याला दादा म्हणेल का, साहेब? मुलाची जन्मतारीख विचारली तर हे बाईंच्या तोंडाकडं बघतात. मी शिक्का मारलेला नाही. चहा मागवलाय, तेवढ्यात या."

एक अंमलदार आणि महिला हवालदार घेऊन मी गेलो. बाई साठीच्या, डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी. शेजारी पांढऱ्या टोपीतला उंच गृहस्थ. त्याच्यापुढे ठेवलेले आधार कार्ड दुसऱ्याचे होते, पण त्या कार्डावरच्या फोटोत कोणीही कोणासारखा दिसतो. मला पाहताच त्याने पेन खाली ठेवले. पळायचा विचारही त्याच्या चेहऱ्यावर आला नाही.

ठाण्यात आणल्यावर नेहमीप्रमाणे दोघांना वेगवेगळे बसवले. बाईंना महिला हवालदाराकडे दिले, गृहस्थाला माझ्या खोलीत घेतले. त्याने आपले खरे नाव लगेच सांगितले. कळवणकडचा, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. ती बाई त्याची धाकटी बहीण. निफाड तालुक्यात दिलेली, द्राक्षबागायतदाराच्या घरात.

"दाजींच्या नावानं सही करायला कोणी सांगितलं? एजंट कोण आहे?"

"एजंट कुठला, साहेब?"

"परदेशातलं घर आहे, भाच्याच्या नावावरचं. तुम्हाला त्यातून काय मिळणार होतं?"

मालमत्तेच्या तपासात आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, फायदा कोणाचा. तो प्रश्न मी फिरवून फिरवून विचारला. तो खाली मान घालून हातातली टोपी फिरवत राहिला. मी आवाज चढवला, "तुम्ही त्या मुलाचे बाप आहात का?" तेव्हा त्याने वर पाहिले.

"दहावं मीच केलं, साहेब. रामकुंडावर. बाप घरातून हललाच नाय. मित्रानं अस्थी आणल्या, त्या मीच हातात घेतल्या. तेव्हा कुणी म्हणलं नाय, का तू बाप नाय. मग सही केली तर काय झालं?"

मी त्याला पाणी दिले आणि बाईंकडे गेलो.

मुलगा एकुलता एक. शेतीची पदवी घेऊन तिकडच्या द्राक्षमळ्यांत कामाला गेलेला, लग्न व्हायचे होते. तिथे त्याने छोटे घर घेतले आणि पुढच्या वर्षी रस्त्यावरच्या अपघातात गेला. आईबापांचे पासपोर्ट नव्हते. अंत्यसंस्कार मित्रांनीच केले. तिकडच्या कायद्याने आई आणि वडील दोघे वारस, म्हणून दोघांच्या सह्या लागणार. तिकडच्या वकिलाने कळवले होते, असे बंद घर किती दिवस ठेवायचे? सामान काढून मोकळे करावे लागेल. बाईंना मुलाच्या मित्राला अधिकार द्यायचा होता, म्हणजे त्या स्वतः तिथे पोचेपर्यंत घराला कोणी हात लावणार नाही.

"तो रोज स्वयंपाक करताना फोन करायचा," त्या म्हणाल्या. "फोन ओट्यावर उभा करायचा आन मला विचारायचा, आई, मीठ किती टाकू? त्या घरातलं मी सैपाकघर तेवढं बघितलं. तो झोपायचा कुठं, ते मला ठाऊक नाय. ते घर नको मला साहेब. एकदा बघू द्या."

"मग यजमानांना सांगायचं ना."

"ते कागद बघितला की उठून बागेत जातात."

मी त्यांच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन केला. दुपारी बाईंचे यजमान आले. छाटणीचे दिवस होते. हातावर हिरवे डाग, शर्टाच्या खिशात कात्री तशीच. मी समोर बसवून सगळे सांगितले आणि म्हणालो, "तुमच्या नावानं खोटी सही होणार होती. तुमची तक्रार असेल तर तुमची पत्नी आणि मेहुणे, दोघांवर गुन्हा दाखल होईल."

त्यांनी तक्रारीचे काही विचारले नाही. "जेवले का दोघं?" एवढेच विचारले.

मी दोघांना आत बोलावले. मेहुणा दाराशीच थांबला. "दाजी, चुकलं," म्हणाला. ते त्याच्याकडे न बघता पत्नीला म्हणाले, "मी सही करणार नाय, म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"का नाय करणार?"

"मी बघितलं नाय त्याला. चार माणसं फोनवर बोलली आन एक मडकं आलं. त्यावर मी लिहून द्यायचं, का माझा पोरगा मेला म्हणून?"

"तो होता तेव्हा तरी कुठं फोनवर बोललात?"

"मी पडवीत बसून ऐकायचो." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "त्याला ठाऊक होतं. फोन ठेवायच्या आधी जोरात विचारायचा, आई, बागेला पाणी दिलं का? ते मला विचारायचा तो."

महिला हवालदार उठून बाहेर गेली. बाईंनी पदर डोळ्यांना लावला नाही, की नवऱ्याकडून नजर हटवली नाही. "मग चला ना," त्या म्हणाल्या. "आपण दोघं जाऊन बघू."

मग ते माझ्याकडे वळले. "साहेब, सही तिथं जाऊन केली तर चालंल का?"

"चालेल," मी म्हणालो. "वकिलाला तसं कळवू, तोवर घर उघडू नका म्हणून."

दस्त पूर्ण झाला नव्हता, नोटरीने तसे लिहून दिले, यजमानांनी तक्रार नसल्याचा जबाब दिला. मी ठाणे दैनंदिनीत नोंद घेतली आणि बहीणभावाला समज देऊन सोडले. जाताना तिघांनी ठाण्यासमोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली, असे अंमलदार मला सांगत होता.

पासपोर्ट, व्हिसा यात द्राक्षांचा हंगाम संपला. उन्हाळ्यात दोघे गेले आणि परत आल्यावर बेदाण्यांचा डबा घेऊन ठाण्यात आले. बेदाणे घरच्याच बागेतले. तिकडे दोघांनी सह्या केल्या होत्या, घर विकायचे ठरले होते.

"बाहेरच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपायचा तो," बाई म्हणाल्या. "आतली खोली आमच्यासाठी ठेवलेली. दोन पलंग. चादरी तर पाकिटातून काढल्यासुद्धा नव्हत्या."

"ते पलंग वापरले का?" मी यजमानांना विचारले.

"वापरले. झोप लागली तिथं." त्यांनी बेदाण्यांचा डबा माझ्याकडे सरकवला. "तो गेल्यापासून पहिल्यांदा."

बाईंनी चटकन त्यांच्याकडे पाहिले. ते शब्द त्यांनीही पहिल्यांदाच ऐकले असावेत.

त्यानंतर माझी नोकरीची काही वर्षे उरली होती. वारसाची भांडणे येतच राहिली. परदेशातल्या घरांचीही आली. फायदा कोणाचा, हे मी विचारायचो. ते विचारावेच लागते, कारण दहातली बहुतेक प्रकरणे त्याच उत्तरावर येऊन थांबतात. पण त्याच्याआधी मी खुर्ची पुढे ओढून दुसरेच विचारू लागलो, गेलेला माणूस कसा होता? काही जण लगेच सात-बाऱ्यावर यायचे, आणि त्यावरूनही मला बरेच कळायचे. काही जण मात्र बोलायला लागले की थांबत नसत. बाहेर फिर्यादी ताटकळत, टेलिफोन वाजत राही. मी त्यांना बोलू द्यायचो.